नकाशात नसलेले तीन जॉइंट

सोमवार, ३ मार्च

यंत्र आलं! आणि त्याच्याबरोबर जाड पुठ्ठ्याची, लाल कडेची एक वही आली. वर छापलंय 'यंत्राच्या नोंदी'. एवढ्या देखण्या वहीत नुसते आकडे भरायचे म्हणजे वहीचा अपमान. आकडे मी पाठकोऱ्या कागदांवर लिहीन. ही वही माझी. उद्या कोणाला प्रश्न पडला, की या वीज कंपनीत 'केबल फॉल्ट शोध कक्ष' सुरू कसा झाला, तर उत्तर कुठेतरी असायला हवं.

कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. कालपर्यंत इथे झाडू आणि बादल्या होत्या. आज मी आहे. अकरा वर्षं तक्रार खिडकीत बसून 'लाइट गेली, कधी येणार' ऐकलं, आता माझ्या नावाचं टेबल आहे आणि टेबलावर यंत्र आहे.

साहेबांनी मात्र आनंदावर विरजण घातलंच. म्हणाले, "हे यंत्र एकवीस दिवस आपल्याकडे आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपांची एक नंबरची केबल मेलीय, तिचा फॉल्ट शोधा. सापडला तर कक्ष राहील. नाही तर यंत्र परत, आणि तुम्हीही परत खिडकीत."

पंपांना जमिनीखालून दोन केबल जातात. सगळा भार आता दोन नंबरवर आहे, आणि ती माझ्याहून वयाने मोठी आहे. तीही गेली तर अर्ध्या गावाचे नळ कोरडे. पण ती जाणार नाही. मी आहे ना.

मंगळवार, ४ मार्च

काय अफलातून वस्तू आहे! केबलच्या एका टोकाला यंत्र जोडायचं. ते विजेचा एक बारीकसा ठोका आत सोडतं. ठोका पळत सुटतो, प्रकाशाच्या जवळजवळ निम्म्या वेगाने. केबल एकसारखी आहे तोवर निमूट जातो. मध्ये जॉइंट आला की तिथे केबलचा स्वभाव जरा बदलतो, आणि ठोक्याचा थोडा भाग तिथूनच मागे फिरतो. पडद्यावर छोटा उंचवटा दिसतो. टोक उघडं असलं तर ठोका सगळाच परत येतो, तेव्हा डोंगर दिसतो. आणि आत जळून तार बाहेरच्या शिशाच्या कवचाला चिकटली असेल तर ठोका उलटा होऊन येतो. डोंगराच्या जागी दरी. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. तिथे जाऊन खणायचं. बास!

केबलमध्ये तीन तारा आहेत. सबस्टेशनच्या टोकाला आधी चांगली तार जोडून पूर्ण लांबी मोजली. यंत्र म्हणालं, १६०० मीटर. नकाशा म्हणतो, १४६०. आता एकशेचाळीस मीटर जास्तीची केबल आली कुठून? केबलला काय पिल्लं होतात?

यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय, कागदी वेष्टणाच्या केबलसाठी वेगाचं बटण १६० वर ठेवा. पुस्तक लिहिणाऱ्याने आमची केबल कधी बघितली होती? नकाशावर मात्र तीन-तीन साहेबांच्या सह्या आहेत. मी बटण फिरवत फिरवत १४६ वर आणलं. लांबी बरोब्बर १४६० आली! यंत्राला पहिल्याच दिवशी शिस्त लावली.

मग खराब तार जोडली. दरी ८२१ मीटरवर. इतकी सरळ गोष्ट. फक्त पडद्यावर एक खोट दिसते: ८०७, ८१४ आणि ८२१ असे तीन उंचवटे ओळीने येतात आणि तिसऱ्यालाच लागून दरी आहे. ड्रमवर अडीचशे मीटर केबल असते, म्हणून जॉइंट अडीचशे मीटरवर येतो. सात-सात मीटरवर तीन जॉइंट कोण करेल? वेडा असला पाहिजे. पडदाच सदोष आहे. यंत्रवाल्यांना कडक पत्र लिहिलं.

बुधवार, ५ मार्च

संध्याकाळी सासरी चहाला. सासरे म्हणजे केबल जॉइंटर, अडतीस वर्षं नोकरी. निवृत्त झाले तरी दर गुरुवारी कंपनीत येऊन शिकाऊ लोकांना जॉइंट भरायला शिकवतात आणि दर गुरुवारी एकच वाक्य सुनावतात: "माझ्या हातचा एकही जॉइंट आजवर गेलेला नाही." एक नंबरची केबल तेहतीस वर्षांपूर्वी त्यांनीच टाकली. यंत्रांवर त्यांचा राग. म्हणून मी मुद्दाम सगळं रंगवून सांगितलं.

तीन उंचवट्यांशी आलो आणि त्यांच्या बशीतला चहा विजारीवर सांडला.

"तीन?"

"तीन."

"ओळीने?"

"ओळीने, बाबा."

"जावईबापू, यंत्र भिकार आहे. परत पाठवा."

जळतात! स्पष्ट दिसतं. अडतीस वर्षं जे हाताने केलं ते यंत्राने मिनिटात केलं, मग माणसाला लागणारच. सासूबाई स्वयंपाकघरात एकट्याच हसत होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "दूध उतू गेलं." दूध उतू गेल्यावर कोणी हसतं का? वय होत चाललंय दोघांचं.

घरी येताना बायको म्हणाली, "रविवारी माझ्या मामाकडे जाऊन येऊ या?" माझ्या आयुष्याचा प्रश्न पडलाय आणि हिला आजोळ सुचतंय.

शुक्रवार, ७ मार्च

नकाशावर ८२१ मीटर म्हणजे आमच्याच ऑफिसचं आवार. आणखी नेमकं सांगायचं तर बॅडमिंटनचं कोर्ट. त्याहून नेमकं म्हणजे साहेब जिथे उभे राहून सर्व्हिस करतात ती जागा. पुढच्या आठवड्यात सामने आहेत, रेघा कालच रंगवल्यात.

साहेब म्हणाले, "खात्री आहे?"

मी म्हणालो, "यंत्राला आहे, साहेब." उत्तर मला फार आवडलं होतं.

मुकादम आणि त्याची चार माणसं सकाळी नऊला लागली. बाराला खड्डा कमरेएवढा झाला. केबल नाही. दोनला छातीएवढा. नाही. मुकादम वर न बघता म्हणाला, "साहेब, आता आणखी खाली गेलो तर पलीकडची माणसं विचारतील कोण आलंय म्हणून."

मला वाटतं केबल खचत खचत खोल गेली असावी. जड असते.

शनिवार, ८ मार्च

खचलेली नाही. खड्डा डोक्याएवढा झाला. मग दोन्ही बाजूंना रुंद केला. आता त्यात कोर्टाचा अर्धा भाग आहे. भुसभुशीत तपकिरी माती, एक गंजका डबा आणि कोणाच्या तरी चपलेचा अंगठा, एवढंच निघालं. साहेब खिडकीतून बघत होते. हातात रॅकेट होती.

जमिनीवरून चालत केबलचा माग काढणारं एक यंत्र कंपनीकडे होतं म्हणे. ते शेजारच्या विभागाने दोन वर्षांपूर्वी उसनं नेलंय. उसनं गेलेलं परत येतं का कधी?

बुधवार, १२ मार्च

आज चमत्कार. सासरेबुवा स्वतः माझ्या कक्षात आले, खुर्ची पुसून बसले आणि अगदी गोड बोलले. "मी विचार केला. फॉल्ट पंपांच्या टोकाला असणार. शेवटचे पन्नास मीटर खणा. माझं ऐका."

"पण यंत्र—"

"यंत्राला काय कळतं? मी टाकलीय केबल."

माणूस चुकतो, मग त्याला पश्चात्ताप होतो, मग तो मदतीला येतो. मला भरून आलं. जाताना त्यांनी विचारलं, "ते तीन उंचवटे साहेबांना नाही ना दाखवलेत?" मी म्हणालो, नाही. "शहाणे आहात," म्हणाले. सासऱ्याने जावयाला शहाणं म्हटलं! लिहून ठेवायलाच हवं.

शनिवार, १५ मार्च

पंपांच्या टोकाला पन्नास मीटर खणलं. इथे केबल सापडली, एवढं यश. ठणठणीत आहे. शिशाचं कवच नव्यासारखं चकाकत होतं. मुकादम म्हणाला, "साहेब, आपण नुसते दर्शन घेत फिरतोय."

दोन नंबरची केबल सबस्टेशनमध्ये हाताला गरम लागते. साहेबांनी आज मला उभंच ठेवलं. "सोमवार, चोवीस तारीख. त्या दिवशी संध्याकाळी यंत्राची गाडी येणार. तुमच्या जागी खिडकीत बसवलेल्या माणसाला मी अजून कायम केलेलं नाही, लक्षात ठेवा."

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला त्या खिडकीची भीती वाटते. अकरा वर्षं लोकांनी माझा चेहरा बघितला नाही, फक्त जाळीतून बोट दाखवून बोलले. या कक्षात झाडूचा वास येतो, पण इथे मी काहीतरी शोधणारा माणूस आहे. तो एकवीस दिवसांचाच होता म्हणायचं?

रविवार, १६ मार्च

सासरी जेवायला. सासूबाई आज रंगात होत्या. "आमच्या गल्लीत केबल टाकायला आले ना, तेव्हा हे बाकीच्यांच्या दारात एकेक दिवस, आणि आमच्या दारात तीन आठवडे! माझी आई म्हणायची, या माणसाला काम येत नाही वाटतं."

बाबा म्हणाले, "भाजी वाढ."

"वाढलीय."

"मग पाणी दे."

ती गल्ली नकाशात नाही, म्हणजे ती रस्त्यावरच्या दिव्यांची केबल असणार. मी ताटात लक्ष घातलं. बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. परतताना पुन्हा, "मामाकडे कधी जायचं?" तिसरी वेळ. मी खेकसलो. मग वाईट वाटलं.

जाता जाता: या वहीत आज एक लांब केस सापडला. वही मी यंत्राच्या पेटीत ठेवतो, कुलूप लावून, आणि पेटी रोज घरी आणतो. पेटीबरोबरच आला असणार.

गुरुवार, २० मार्च

काही नाही. ८०० ते ८४० सगळा पट्टा खणून झाला. कोर्टावर आता बॅडमिंटन सोडा, नौका चालवता येतील. सामने दुसऱ्या कंपनीच्या आवारात झाले आणि साहेब पहिल्याच फेरीत हरले. सगळे माझ्याकडे बघतात.

जिन्याखालच्या टेबलाचे खण मी आवरून ठेवले.

रविवार, २३ मार्च

गाढव! मी गाढव आहे. मोठ्या अक्षरात लिहितो: गाढव.

सकाळी बायको म्हणाली, "उद्या सगळं संपणारच आहे, मग आज तरी चल." मामेसासऱ्यांची गल्ली अरुंद, दोन्हीकडे बसकी घरं. त्यांच्या फाटकाशी मी उतरलो आणि पाय मुरगळला. रस्ता तिथे खोलगट होता. खाली बघत शिव्या घालत चार पावलं गेलो तर खिडकीपुढे तसाच खोलगट. आणि पुढे कुंपणाच्या कोपऱ्याशी तिसरा. बुजवलेला खड्डा वर्षानुवर्षं बसत गेला की असाच खोलगा पडतो, हे वीज कंपनीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी पावलांनी मोजलं. आठ मीटर. आठ मीटर.

१४६ ऐवजी १६० धरलं तर सात मीटरचे आठ होतात!

मामेसासरे 'या, या' करत राहिले आणि मी तसाच लंगडत सबस्टेशनपर्यंत चालत गेलो. मग मोजायचं चाक घेऊन उलटा आलो, पण नकाशावरच्या सरळ रस्त्याने नाही, गल्लीने. फाटक: ८८४. खिडकी: ८९२. कुंपणाचा कोपरा: ९००. पुढे पंपांपर्यंत गेलो. १६०० मीटर, एक वीत इकडेतिकडे.

केबल या गल्लीतून वळसा घालून गेलीय. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. मी त्याचा कान पिळून त्याला खोटं बोलायला लावलं, का, तर नकाशावर सह्या होत्या. यंत्रवाल्यांना क्षमापत्र लिहायला हवं.

तडक सासरी गेलो. बायकोही मागोमाग आली. सासूबाई बाजारात होत्या.

"बाबा, नकाशात रस्ता सरळ आहे. तुम्ही केबल गल्लीत का वळवलीत?"

"खडक लागला होता."

"मी त्या सरळ रस्त्यावर चाळीस मीटर खणलंय. खडा लागला नाही."

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "खडक फाटकात उभा होता. वेणी घालत."

मला कळेना. बायको म्हणाली, "अरे, आई!"

मग बांध फुटला. तेव्हा त्यांची ओळख नव्हती, बोलायची सोय नव्हती. खणणाऱ्या माणसाला दारात उभं राहायला कारण एकच, खड्डा. "पहिला जॉइंट म्हणजे ड्रम संपला म्हणून केला."

"संपला होता?"

"मी संपवला. दुसरा, केबलला चीर पडली म्हणून."

"कशाने?"

"माझ्या करवतीने."

आणि एवढं बोलून हा माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. "तिसरा मात्र बहाणा नव्हता, जावईबापू. खड्डा बुजवायच्या आदल्या दिवशी टेस्ट घेतली आणि केबल टिकली नाही. उघडून बघतो तर दुसऱ्या जॉइंटमध्ये ओल! माझ्या हातच्या जॉइंटमध्ये. दुसरा पुन्हा भरला, पुढची आठ मीटर ओली केबल काढून नवा तुकडा घातला, त्याच्या टोकाला तिसरा जॉइंट. पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांतच तिच्या वडिलांनी मला घरात बोलावलं, बसवलं, नावगाव विचारलं. म्हणून मी कोणाला बोललो नाही. पण ओल तिसऱ्याच्याही पुढे गेली असेल का, हे तेहतीस वर्षं डोक्यात आहे. दर गुरुवारी त्या शिकाऊ लोकांपुढे ते वाक्य बोलतो, आणि आतून कोणीतरी म्हणतं, खोटारड्या."

फॉल्टच्या फॉर्मवर 'कारण' म्हणून रकाना असतो. सदोष काम, जुनेपणा, बाहेरून इजा, ओल. एकावर खूण करायची. सदोष कामावर खूण केली की शिशावर ठोकलेला जॉइंटरचा नंबर खाली लिहावा लागतो. मग गुरुवार बंद. खूण नाही केली, तर मी खोटा. आणि खणलंच नाही, तर उद्या संध्याकाळी गाडी.

बाबाच म्हणाले, "उद्या सकाळी खणा. मी येतो. दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू देऊ नका."

सोमवार, २४ मार्च

आठला खणायला लागलो, नऊला केबल लागली. मुकादमाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पहिल्यांदाच पँट घालून आलोय. केबल बंद करून, जमिनीला जोडून, तपासून झाली आणि बाबा खड्ड्यात उतरले. जुनी कापडी टोपी घालून आले होते. शिशाच्या कवचावर त्यांचा नंबर स्वच्छ दिसत होता, सतरा. त्यांनी तो अंगठ्याने पुसला आणि कवच कापलं.

आत एका बाजूला काळंठिक्कर. फॉल्ट! ९०० मीटरवर, बोटाएवढा. मी ओरडलोच. पण बाबांनी हात वर केला. जळलेल्या जागेपासून लांबच्या कागदाची एक पट्टी सोलली आणि तापवलेल्या मेणाच्या भांड्यात सोडली. कोरडा कागद गप्प बसतो. ओला असेल तर चुरचुरतो.

पट्टी चुरचुरली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

बाबा खाली मान घालून म्हणाले, "लिहा जावईबापू. सदोष काम. सतरा."

तेवढ्यात फाटकातून सासूबाई चहाची किटली घेऊन आल्या. सकाळपासून भावाकडेच होत्या. खड्ड्याच्या काठाशी उभ्या राहिल्या, आत बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? माझा जॉइंट. ओल गेली होती, तेव्हाच. तुला कधी सांगितलं नाही."

"कुठला जॉइंट? खिडकीपुढचा?"

"तिथूनच इथवर आली ओल."

सासूबाईंनी किटली खाली ठेवली. मला वाटलं रडणार. त्यांचा चेहरा चांगलाच लाल झाला होता. म्हणाल्या, "अहो, ती ओल मी घातली."

बाबांनी मान वर केली.

"तुम्ही जेवायला गेला होतात. तुमचा माणूस म्हणाला, उद्या बुजवणार, मग आम्ही पलीकडच्या रस्त्याला. जॉइंट उघडाच होता, वर नुसतं फडकं. मी बादली आणली आणि ओतली. भरून."

"बादली?"

"मोठी. मग फडक्याने वरून पुसून घेतलं, तुम्हाला कळू नये म्हणून. दुसरं काय करणार होते? तुम्ही दोन आठवडे नुसते खणत होतात, तोंडातून शब्द निघत नव्हता!"

मुकादम कुदळीवर टेकून म्हणाला, "बाई, एक बादली ओतलीत आणि तेहतीस वर्षांनी अख्ख्या गावाचे नळ बंद करायला निघाला होतात." त्याची माणसं हसायला लागली. मामेसासरे खिडकीत येऊन काय झालं, काय झालं विचारत होते.

बाबा मात्र हसत नव्हते. ते खड्ड्यातच बसले, मातीत. हातात ती मेणाने निथळणारी पट्टी. सासूबाईंकडे वर बघून त्यांनी एकच विचारलं, अगदी हळू.

"म्हणजे जॉइंट चांगला होता?"

"चांगलाच होता," सासूबाई म्हणाल्या. "मी बघत होते ना सगळा वेळ."

त्यांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. मला वाटलं घाम पुसतायत. खांदे हलायला लागले तेव्हा मी मुकादमाला म्हणालो, चला, चहा घेऊ या तिकडे, आणि आम्ही सगळे लांब जाऊन भिंतीकडे तोंड करून चहा प्यायलो.

गाडी संध्याकाळी आली. साहेबांनी ती रिकामी परत पाठवली.

मंगळवार, २५ मार्च

नवा जॉइंट बाबांनीच भरला. दुपारी टेस्ट झाली, चारला पंपांवर एक नंबर सुरू. दोन नंबर आता गार आहे.

फॉर्मवर मी 'ओल' या शब्दापुढे खूण केली आणि लिहिलं, 'जॉइंट उघडा असताना आत पाणी गेले.' शब्द न शब्द खरा आहे.

साहेबांनी वाचलं. "पाणी कुठून आलं?"

"वरून, साहेब."

"हं. आणि केबल गल्लीत का वळवली होती?"

"खडक होता, साहेब."

"मग खणताना लागला का आता?"

"लागला. आहे अजून तसाच."

त्यांनी सही केली. कक्ष कायम. वर म्हणाले, कोर्ट तेवढं बुजवा. माझ्या टेबलाचे खण मी पुन्हा भरले.

रविवार, ३० मार्च

सासरी जेवण. बाबा आणि सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय म्हणावं तर तसंही नाही. ते त्यांना दर दहा मिनिटांनी म्हणतात, "तेहतीस वर्षं! तेहतीस वर्षं मला झोपेतून जाग यायची!" आणि त्या म्हणतात, "मग ओतली नसती तर यायची का तुम्हाला झोप?" मग दोघं हसतात. गुरुवारी बाबांनी शिकाऊ लोकांना नवीन धडा दिला म्हणे: जेवायला जाताना उघड्या जॉइंटपाशी माणूस बसवायचा. का, ते सांगितलं नाही.

घरी येताना मी बायकोला म्हणालो, "नवल वाटतं मला. माणूस इतका हुशार, आणि बाईने मुद्दाम बिघाड केलाय हे तेहतीस वर्षं कळू नये? एवढा कसा आंधळा असतो कोणी!"

ती म्हणाली, "असतात काही काही." आणि इतकी हसली की तिला रस्त्यात थांबावं लागलं. आईवर गेलीय.

मला मात्र आमचे दिवस आठवले. मी खिडकीत असताना ही तक्रार घेऊन यायची, घरातली लाइट सारखी जाते. एका पावसाळ्यात सात वेळा. म्हणायची, लाइनमन नको, तो नीट बघत नाही, तुम्हीच या. मी सातही वेळा गेलो. प्रत्येक वेळी नुसता फ्यूज सैल. घरात एवढा मोठा केबल जॉइंटर आणि फ्यूज सैल! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सातव्या वेळी चहा झाला, बोलणं झालं, आणि पुढे लग्नच ठरलं. त्यानंतर त्या घरचा फ्यूज आजतागायत एकदाही सैल झालेला नाही. शेवटच्या खेपेला मी जरा जोर लावून बसवला होता. कामाला एकदा नीट हात लागला की असं असतं.